मामांचा चौथा आवाज

माझ्या बायकोच्या मामांनी उभ्या आयुष्यात कुणाचं बोलणं ऐकलेलं नाही. ते फक्त आवाज ऐकतात. मी मुलगी पाहायला गेलो तेव्हा बाकीचे पगार विचारत होते. मामांनी मला नुसतं ‘आ’ करायला लावलं आणि आत जाऊन निकाल दिला, "सूर अजिबात नाही, पण पोरगा बरा आहे." मामा नगरला गुरांच्या दवाखान्यात ड्रेसर होते आणि रविवारी चर्चमधल्या क्वायरचे, म्हणजे गाणाऱ्या मंडळींचे, मास्तर. एकदा स्टँडवर "जामखेड, जामखेड" ओरडणाऱ्या कंडक्टरचा आवाज आवडला, म्हणून ते त्याच्या गाडीत बसून थेट जामखेडला गेले, वाटभर त्याला क्वायरमध्ये यायला पटवत. कंडक्टर काही आला नाही. मामींनी दोन दिवस अबोला धरला, तो मामांच्या लक्षातही आला नाही.

त्यांचा सगळा जीव एका जुन्या वहीत होता. तीनशे वर्षांपूर्वी विलायतेत कुणीतरी एका इंग्रजी कवितेला लावलेल्या चाली तिच्यात होत्या, चार आवाजांत एकत्र गाण्यासाठी. कविता संगीतावरच. ही सृष्टी सुरांतून उभी राहिली, असं त्यात म्हटलंय, आणि मामांना त्यात तिळमात्र शंका नव्हती. ते गाणं नगरच्या माणसांच्या तोंडून एकदा ऐकायचं, एवढीच त्यांची इच्छा. तीन आवाज होते. चौथा, अगदी खालचा, मिळत नव्हता. त्यात कानाच्या डॉक्टरांनी सांगितलं की ऐकणं कमी होत जाणार, आधी वरचे सूर जातील, मग खालचे. मामा दुसऱ्याच दिवशी घोडेगावच्या बैलबाजारात गेले आणि रशीदभाई नावाच्या दलालाला घेऊन आले.

"मास्तर, आमाला इंग्लिश येत न्हाई," रशीदभाई म्हणाले.

"मी मराठीत लिहून देतो. तू आवाज आण."

आवाज असा की चर्चची बाकं थरथरायची. पण गाण्याच्या शेवटच्या भागात खालच्या आवाजानं वीस मोजेपर्यंत गप्प राहायचं होतं, आणि रशीदभाईंना गप्प राहणं माहीत नव्हतं. मामांनी त्यांच्याच धंद्यातली युक्ती काढली. बैलाचा सौदा जसा रुमालाखाली बोटं दाबून होतो, तसे आकडे मी रुमालाखालून त्यांच्या हाताला सांगायचे. घरातल्या बेसूर जावयाला अखेर काम मिळालं. पहिल्या तालमीत क्वायरमधल्या मुली वरच्या पट्टीत हळुवार गात असताना मी पाचवं बोट दाबलं, आणि सवयीनं हात झटकत रशीदभाई गरजले, "न्हाई परवडत!"

कार्यक्रमाच्या दिवशी मात्र ते विसाव्या बोटाला बरोब्बर गाऊ लागले. लोक गेल्यावर मामांनी मला बाजूला घेतलं.

"मुली गायल्या का रे?"

म्हणजे ते समोर उभे राहून हातवारे करत होते ते आठवणीवर.

"मला एकटा रशीद ऐकू आला," ते म्हणाले.

"गायल्या, मामा. सुरेख गायल्या," मी ओरडून सांगितलं.

आता रशीदभाईही त्यांना ऐकू येत नाहीत. मी गेलो की मामा खांद्यावरचा रुमाल मांडीवर पसरतात आणि त्याखाली हात पुढे करतात. मी एकेक बोट दाबत जातो. खोलीत कसलाही आवाज नसतो. विसाव्या बोटाला मामांची मान हलते, बरोबर जागेवर.