बोर्डामागचा उजेड

लॅपटॉपचं नेट जायला लागलं तेव्हा मी आधी लॅपटॉपलाच शिव्या घातल्या. माझा स्वभावच तसा, समोर जे असेल त्याच्यावर आधी खेकसायचं. माझं काम साड्यांचं. मार्केटमधला एक व्यापारी फोटो पाठवायचा, ते नीट करून, रंग आणि कापड लिहून मी ऑनलाइन दुकानांवर चढवायचे. फोटो अर्धा चढला की वाय-फाय गायब. थोड्या वेळाने आपणहून परत यायचं, जसं काही झालंच नाही.

नवागामात आम्ही दोघंच राहायचो, मी आणि आबा, म्हणजे माझे वडील. खाली मागांचं खातं, म्हणजे कापड विणायचा कारखाना, वर भाड्याच्या दोन खोल्या, मालक दोन्हीचा एकच. खानदेशातून आल्यापासून आबांनी सगळी उमर मागांवर काढली आणि मागांनी त्यांचे कान घेतले. आता ते ओठ वाचतात. खात्यात सगळेच तसे बोलतात, त्या आवाजात दुसरं काही चालत नाही. पंचाईत एकच आहे. एखादी गोष्ट ऐकायची नसली की आबा डोळे मिटून घेतात. मग भांडणार कोणाशी?

दिवाळी वेकेशननंतर मालकाने खालचे जुने माग काढून नवी, जड, वेगवान मशिनं बसवली. पुढे एका सकाळी चहा पिताना आबा एकदम खुशीत म्हणाले, "आते माग ऐकू येतस माले. पाठले ऐकू येतस."

त्यांची खाट भिंतीला लागून होती. पाठ टेकली की खालची धडधड त्यांच्या अंगात उतरायची. रिटायर झाल्यापासून मुकं झालेलं घर त्यांच्यासाठी पुन्हा बोलायला लागलं होतं. दुपारी ते तसेच टेकून बसायचे, बोटांनी खाटेच्या दांडीवर ठेका धरायचे. मला फार बरं वाटायचं. त्या खुशीत काही वाईट असेल अशी शंका कोणाला येणार?

नेट मात्र जातच राहिलं. मी लॅपटॉप बंद करून चालू केला, वाय-फायचं नाव पुसून पासवर्ड नव्याने टाकला, बॅटरी वाचवायची सेटिंग काढली, ड्रायव्हर नवा घातला. दिंडोली रोडच्या दुकानात आतलं वाय-फायचं कार्ड बदलून आणलं. दुकानात दिवसभर छान चाललं, घरी आणल्यावर पहिल्याच साडीला गेलं. कनेक्शनवाला आला, फोन बघितला आणि म्हणाला, "फोन में तो चल रहा है." गुजराती मालकही जिन्यात भेटला तर हसून म्हणाला, "बेन, तमारुं लॅपटॉप जूनुं थई गयुं." माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली, पण फोन खरंच चालत होता.

आठवड्यातून एक दिवस खातं बंद असतं. त्या दिवशी नेट एकदाही गेलं नाही. पुढच्या सुट्टीलाही तसंच. तेव्हा पहिल्यांदा मी लॅपटॉपवरून नजर काढली. दुसऱ्या सकाळी मशिनं सुरू झाल्यावर खुर्ची ओढून राऊटरसमोर बसले. तो आबांच्या खाटेच्या वर, भिंतीवरच्या बोर्डात लावलेला होता. बघता बघता त्याचे सगळे दिवे एकदम विझले, मग एकेक करून लागले. मी हातातला फोन बघितला. वाय-फाय जाताक्षणी तो गुपचूप सिमकार्डाच्या नेटवर गेला होता. म्हणून त्याला काही कळत नव्हतं आणि तो आम्हाला काही कळू देत नव्हता. बिचारा लॅपटॉप एकटाच बोंबलत होता.

प्लग ढिला असेल म्हणून मी बोर्डाला हात लावला, तर बोर्डच हातात आला. मेन स्विच पाडून मी मागे बघितलं. स्क्रू ज्या सिमेंटात बसवले होते त्याचा भुगा झाला होता, आणि बोर्डामागे, जिथे नुसती वीट दिसायला हवी होती, तिथे उजेड दिसला. बाहेरचा, गल्लीतला उजेड. मी बोट घातलं, ते आत गेलं. खाली मशिनं चालूच होती आणि त्या फटीच्या दोन्ही कडा माझ्या बोटाला वेगवेगळ्या हलताना लागत होत्या. आबा खाटेवर पाठ टेकून बसले होते, डोळे मिटून, खुशीत.

त्यांना जी धडधड ऐकू येत होती ती भिंत सुटल्याची होती.

मी त्यांना हलवून समोर बसवलं. "आबा, आपले घर सोडनं पडी."

फट दाखवली. त्यांनी बघितली, नाही असं नाही. मग म्हणाले, "तुना लॅपटॉप खराब शे. घर नही." आणि डोळे मिटले.

मालकाने माणूस पाठवला. त्याने फटीत सिमेंट भरलं, बोर्ड परत तिथेच ठोकला. नेट थोडे दिवस नीट चाललं आणि पुन्हा जायला लागलं. मग मी कोणाला विचारलं नाही. एका सकाळी आबा भाजी आणायला गेले तेव्हा टेम्पो बोलावला आणि सामान भरलं. राऊटर तेवढा तिथेच ठेवा म्हणून मालक अडून बसला, नव्या भाडेकरूला कामाला येईल म्हणे. ठेवला.

नवं घर दिंडोलीत, आसपास खातं नाही. आबांनी खाट भिंतीला लावली, पाठ टेकली, थोड्या वेळाने उठले. मग तळहात लावून बघितला. माझ्याशी ते कित्येक दिवस बोलले नाहीत. माझा जीव तुटायचा, आणि रागही यायचा.

अशात त्या खोल्यांतल्या नव्या भाडेकरूचा फोन आला. मराठवाड्यातलं जोडपं, लहान बाळ. वाय-फायच्या पासवर्डसाठी त्याने आधी एकदा फोन केला होता. "ताई, तुमचं नेट असंच जायचं का? फोनवर चालतंय, लॅपटॉपवर राहतच नाही."

मी विचारलं, राऊटरखाली काय ठेवलंय?

"बाळाची गादी. एरवी झोपतच नाही ते, पण त्या भिंतीशी टाकलं की लगेच शांत."

"घर सोडा," मी म्हटलं. "आत्ता. बाळाला आधी उचला."

तो हसला. म्हणाला, नवीन लॅपटॉप घेतोच आहे. मी पुन्हा तेच म्हटलं, ओरडूनच म्हटलं. वळून बघते तर आबा माझ्या ओठांकडे बघत होते. काही न विचारता त्यांनी चपला घातल्या. "चाल," म्हणाले.

तिथे पोचल्यावर त्यांनी सरळ आत जाऊन बाळाला उचललं, त्याच्या आईच्या हातात दिलं आणि बोर्ड ओढून काढला. भरलेलं सिमेंट गळून पडलं होतं, उजेड आता जास्त होता. भाडेकरूच्या चेहऱ्यावरचं हसू गेलं. अंधार पडायच्या आत तिघं कडोदऱ्याला भावाकडे निघून गेले.

महापालिकेत मी सांगून आले, माणूस बघायला येईल म्हणाले. मालकाने बोर्ड पुन्हा ठोकला, वरून रंग मारला आणि जिन्याशी खोली भाड्याने द्यायची पाटी लावली. रूम भाडे आपवानी छे, वाय-फाय चालू.

तेव्हापासून आबा रोज सकाळी डबा घेऊन तिथे जातात. जिन्याच्या खालच्या पायरीवर बसतात. पाटी वाचून कोणी वर जायला लागलं की वाट अडवून सांगतात, "नको." मालक शिव्या देतो तेव्हा डोळे मिटतात. मला त्यांचा इतका अभिमान वाटला की मी शेजारणींना सांगत सुटले.

परवा संध्याकाळी त्यांना आणायला गेले. मशिनं जोरात चालली होती. आबा पायरीवर बसले होते, पाठ खालून वर गेलेल्या त्याच भिंतीला टेकलेली, बोटं गुडघ्यावर ठेका धरत होती. मी समोर जाऊन उभी राहिले.

"आबा, ऊठ. भितले नको टेकू."

त्यांनी माझ्या ओठांकडे बघितलं आणि डोळे मिटून घेतले.