नऊ वर्षं चालवली तिने, जमा झाली त्यांच्या नावावर

अन्याय माझ्या ताईवर झाला. २०२३ च्या तीस नोव्हेंबरला, गुरुवारी सकाळी, जर्मनीत, इंगोलश्टाटमधल्या एका विमा एजंटच्या टेबलासमोर. मी शेजारी बसले होते.

भाऊजी त्या सप्टेंबरात घर सोडून फ्रँकफर्टला गेले. गाडी ताईला देऊन टाकली, पण विमा त्यांच्या नावावर होता, तो त्यांनी नोव्हेंबरअखेरपासून बंद केला. ताई गावाबाहेर राहायची. गाडीचे सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यात तिला नुकतीच नोकरी लागली होती, अजून प्रोबेत्साइट, म्हणजे परीक्षेचा काळ चालू होता. पहाटपाळीला पोचवणारी बस नाही. गाडी नाही तर नोकरी नाही, इतकं साधं होतं.

एजंट बाई वयस्कर, बोलायला गोड. कॉम्प्युटरकडे बघून म्हणाल्या, "तुमच्या नावावर काहीच नाही. लायसन्स जुनं आहे म्हणून अर्धा वर्ग देता येईल."

इथे विम्याचा हप्ता शाडेनफ्रायहाइट्सक्लासवर, म्हणजे विनाअपघात वर्गावर, ठरतो. अपघाताविना जितकी वर्षं गेली तितकी पायरी वर, तितका हप्ता कमी. ती वर्षं जमा होतात ज्याच्या नावावर विमा आहे त्याच्याकडे. स्टिअरिंगवर कोण होतं हे कुणी विचारत नाही.

स्टिअरिंगवर ताई होती. नऊ वर्षं. भाऊजींना आउटोबानवर, म्हणजे इथल्या महामार्गावर, घाम फुटायचा. बर्फात, धुक्यात, त्यांना स्टेशनवर सोडायला, सासूबाई आल्या की त्यांना आल्प्स दाखवायला, सगळीकडे ताईच. एक ओरखडा नाही. पण गाडी घेतली तेव्हा दसरा होता. पूजा भाऊजींनी केली, नारळ त्यांनी फोडला, किल्ली त्यांच्या हातात दिली, आणि विमा कुणाच्या नावावर असं विचारल्यावर ताईच म्हणाली, "यांच्याच करा." आपल्याकडे असंच करतात. फ्लॅट, गॅस, गाडी, सगळ्यावर यांचं नाव. त्याला आपण संसार म्हणतो.

"पण ही तर बाईला शिक्षा झाली," मी एजंट बाईंना म्हणाले.

"नाइन, नाइन, नाही हो. बाई-पुरुष असा फरक आम्ही करूच शकत नाही. युरोपच्या कोर्टाने बंद केलंय. दोघांना एकच दर."

मला ते पाठ होतं. २०१२ च्या डिसेंबरपासून नव्या विम्यात बाईला वेगळा आणि पुरुषाला वेगळा दर लावता येत नाही. विद्यापीठातल्या आमच्या स्त्रीवादी गटाच्या पत्रकात हा निकाल जिंकलेल्या लढायांमध्ये छापलेला असायचा. आणि माझ्यासमोर ताईला सांगितलेला हप्ता भाडं भरून उरणाऱ्या पगारात बसत नव्हता. कायदा फॉर्मवरचा लिंगाचा रकाना पुसतो. नाव कुणाचं लिहायचं ही रीत तशीच राहते, आणि दर त्या नावाला लागतो.

"एक मार्ग आहे," बाई म्हणाल्या. "नवऱ्याने सही केली तर ती वर्षं तुमच्याकडे येतील. गाडी तुम्ही चालवत होता एवढं दोघांनी लिहून द्यायचं."

ताईने तिथूनच फोन लावला, स्पीकरवर.

"अहो, एक सही हवी होती."

"वर्षं तुला दिली की माझी जातात ना?"

"हो, पण तुम्ही तिकडे ऊ-बान मेट्रोने जाता."

"उद्या घेतली गाडी तर? मी शून्यावरून सुरुवात करू?"

"मग मी कुठून करू?"

"तुझी बहीण आहे ना तिथे पत्रकंवाली. तिला सांग मोर्चा काढायला."

मी फोनकडे हात नेला. ताईने तो उचलून घेतला आणि म्हणाली, "जेवलात का?" मला अजूनही त्या प्रश्नाचा राग येतो.

सही मिळाली नाही. आणखी दोन कंपन्यांत विचारलं, उत्तर तेच. गाडी अंगणात उभी राहिली. ताई पहाटे अंधारात सायकलने निघायची. डिसेंबरात रस्त्यावर बर्फाचा पापुद्रा, ती दोनदा पडली, आणि उशीर त्याहून जास्त वेळा झाला. साहेबाला तिने सगळं सांगितलं. तो म्हणाला, "वाईट वाटतं, पण पाळी सहालाच सुरू होते." जानेवारीत त्यांनी तिला काढलं. परीक्षेच्या काळात कारण द्यावं लागत नाही.

नंतर तिने गाडी विकली, मग घर सोडलं. आखन शहरातल्या माझ्या एकाच खोलीत आम्ही दोघी राहतो. ती अर्ज करते, नकार येतात, आणि हल्ली ती मला ते दाखवतही नाही. मी वकिलाकडे गेले, सल्ला केंद्रात गेले, माझ्याच गटात हात जोडले. सगळ्यांना वाईट वाटलं. कायदा मोडला म्हणून बोट दाखवायला कुणीच सापडलं नाही. भाऊजींनी गाडी घेतलेली नाही. ती नऊ वर्षं त्यांच्या नावावर नुसती पडून आहेत.

हे वाचणारे बहुतेक आपलेच लोक आहात, जर्मनीत नवरा-बायको आणि एक गाडी असलेले. मला तुमची हळहळ नको. आज विम्याचा कागद काढा, त्यावर कुणाचं नाव आहे ते बघा. रोज गाडी बायको चालवत असेल आणि नाव तुमचं असेल, तर एजंटला फोन करून ते बदला. आणि बायको वेगळी झाली असेल, सही मागत असेल, तर सही करा. आज करा.