रस्त्याला आडवी पात

तात्याबा कोकरेचं अर्धं आयुष्य रस्त्याच्या कडेने चालण्यात गेलं होतं. दिवाळी झाली की त्याचा बाप मेंढरं घेऊन आष्टीकडून नगरच्या अंगाला उतरायचा, आणि पावसाळा तोंडावर आला की परत फिरायचा. बापामागे मेंढरं, मेंढरांमागे तात्याबा. पुढे बाप गेला, गुडघ्यांनी दगा दिला, तेव्हा त्याने मेंढरं विकून टाकली आणि चार एकर खडकाळ रान व एक बैलजोडी यांवर तो भागवू लागला. पण रस्त्याची ओळख काही सुटली नाही. मागून येणारी गाडी न बघता तो सांगायचा, ही थांबणार की अंगावर येणार. थांबणारा माणूस लांबूनच पाय सैल करतो, गाडीचा आवाज खाली बसतो. दुसरा जवळ येईपर्यंत वेग तसाच ठेवतो आणि अगदी कानाशी आल्यावर हॉर्न दाबतो.

"त्या जातीच्या माणसांची तोंडं मी कधी बघितली न्हाईत," तात्याबा म्हणायचा. "गाडीचं बूड तेवढं वळखतो."

२०१३ सालच्या दुष्काळात गावच्या दूध संस्थेने चारा छावणी उघडली. तात्याबा आपली जोडी घेऊन तिथे राहायला गेला. दीडशे जनावरं, त्यांचे मालक, ताडपत्र्यांच्या पालात चुली. छावणी डांबरी रस्त्याच्या एका बाजूला, आणि संस्थेची विहीर व तिला लागून असलेला सिमेंटचा हौद दुसऱ्या बाजूला. टँकर विहिरीत रिकामा व्हायचा, इंजिनाने पाणी हौदात यायचं. म्हणजे सकाळी एकदा आणि दिवस कलताना एकदा दीडशे जनावरांनी रस्ता ओलांडून जायचं आणि परत यायचं. पाण्यासाठी छावणीच्याच बाजूला काही सोय करा, असं मालकांनी पहिल्या आठवड्यातच सांगितलं होतं. चेअरमन सुंदरराव म्हणाले होते, "पुढच्या मीटिंगला घेऊ." त्यानंतर अडीच महिने गेले. तेवढ्यात मीटिंगा तीन झाल्या.

जनावरं सोडायची आणि रस्ता अडवायचा, हे काम आपोआप तात्याबाकडे आलं. हातात काठी, काठीला लाल धडपा. पहिल्याच दिवशी त्याला कळलं की धडपा कोणाला दिसत नाही, आणि दिसला तरी तो आपल्यासाठी नाही असंच प्रत्येकाला वाटतं.

मेंढरांचं बरं असतं. पुढचं मेंढरू निघालं की सगळी त्याला चिकटून जातात, मध्ये बोटभर जागा राहत नाही. छावणीतली जनावरं वेगवेगळ्या गोठ्यांतली. एक गाय पुढे जायची, दुसरी हुंगत उभी राहायची, दोघींमध्ये दहा पावलांची फट पडायची. त्या फटीत आधी मोटारसायकल घुसायची. तिच्यावर तिघं, मागच्याच्या हातात पत्र्याचं पिंप. मग तिच्या मागून टमटम. मग जीप, कारण टमटम गेली तर जीपने काय पाप केलंय. कळप तुटायचा. निम्मी जनावरं पाण्यावर, निम्मी उन्हात, आणि मधून धूर सोडत गाड्या.

काही जण तर थांबूनही थांबत नसत. गाडी पहिल्या गिअरमध्ये ठेवून वीतभर, मग वीतभर अशी पुढे सरकवत राहायचे, बंपर गाईच्या मांडीला टेकेपर्यंत. एकदा एका चकचकीत गाडीची काच खाली झाली. आतल्या गृहस्थाने बाटलीतल्या पाण्याने खळखळून चूळ भरली, हौदाकडे निघालेल्या जनावरांच्या पायाशी टाकली, उरलेलं पाणी हातावर ओतून हात झटकले, आणि रिकामी बाटली तिथेच सोडून दिली. एका वासराने ती बाटली चाटली. तात्याबाने ती त्याच्या तोंडापुढून काढून घेतली.

वैशाखाच्या सुरुवातीला सारजाबाईची कालवड गेली. सारजाबाई शेजारच्या पालात राहायची; जीभ तिखट, पण जनावरांना जीव लावणारी. बाकीच्या गाड्या उभ्या असताना एक पिकअप रांग सोडून उजवीकडून सुसाट आला आणि कालवडीचा मागचा पाय मोडून निघून गेला. त्याला काही कळलंच नाही म्हणावं, तर पुढच्या वळणावर त्याने ब्रेक मारून मागे बघितल्याचं तिघांनी पाहिलं. बघितलं आणि गेला. कालवड दोन दिवस पडून राहिली, तिसऱ्या दिवशी संपली.

सुंदरराव छावणीत आले. पांढरे कपडे, गळ्यात पंचा.

"असं रोज एकेक मरायला लागलं तर छावणीचं नाव खराब होईल," ते म्हणाले. "सोमवारपासून सांजचं पाणी बंद. सकाळी एकदाच पाजा, पोटभर."

"चेअरमनसाहेब, ह्या उन्हात एका पाण्यावर गाभण गाय निघती का?" तात्याबा म्हणाला.

"मग रस्ता तू बंद करतो का?"

"चार दिवस द्या. रस्ता बंद करून दावतो. एकबी जनावर दुखावलं तर सांजचं पाणी बंद करा, मी बोलणार न्हाई."

सुंदररावांनी हात हलवला. त्यांना दुसरीकडे जायचं होतं. "चार दिवस," ते म्हणाले.

त्या दुपारी तात्याबा पालात पडून विचार करत होता. गाड्यांना फट दिसते म्हणून त्या घुसतात, तर फटच ठेवायची नाही. लहानपणी खळ्यावर मळणी व्हायची तेव्हा सहा-सात बैल एका लांब दोराला शेजारी शेजारी बांधून कणसांवर फिरवायचे. त्या ओळीला पात म्हणायचे. पातीतला बैल एकटा पुढे जात नाही, मागे राहत नाही, आणि दोन बैलांच्या मधून कुत्रंसुद्धा जात नाही. मळणीयंत्रं आल्यावर पात गेली. छावणीतल्या बैलांनी ती बघितलेली नव्हती. तात्याबाने बघितली होती.

त्याने बारा दांडगे, शांत बैल निवडले, त्यात स्वतःची जोडीही घेतली, आणि दोन दिवस छावणीच्या मागच्या पडीक रानात त्यांना शिकवलं. सहाची एक पात नगरच्या बाजूला, सहाची दुसरी आष्टीच्या बाजूला. रस्त्याच्या या कडेपासून त्या कडेपर्यंत बैलच बैल, तोंडं गाड्यांकडे. दोन पातींच्या मधून बाकीची जनावरं निवांत पाण्यावर जातील.

"आन् गाडीवाल्यानं बैलाला धडक दिली तर?" सारजाबाईने विचारलं.

"कालवडीला देतो, गाभण गाईला देतो. सहा बैलांना देत न्हाई. त्याची गाडी मोडंल ना!"

"म्हंजी गाडीची काळजी हाय त्यांला."

"दुसरी कशाची हाय?"

तिसऱ्या दिवशी सांजच्याला पात पहिल्यांदा उभी राहिली. सहा जोड शिंगं समोर बघून मोटारसायकली कडेला नाल्यात उतरून बघू लागल्या, पण तिथे सारजाबाई काठी घेऊन उभी होती. जनावरं सलग गेली, सलग पाणी प्याली, सलग परत आली. सगळं मिळून चौदा मिनिटं लागली. एसटीच्या ड्रायव्हरने इंजिन बंद केलं होतं. त्याने तात्याबाला हात केला.

पण पात सुटल्यावर रस्ता काही सुटला नाही. चौदा मिनिटांत मागून आलेल्या गाड्यांनी आपल्या रांगेत थांबायचं सोडून शेजारी दुसरी रांग लावली होती, तिच्या शेजारी तिसरी. पलीकडच्या लोकांनीही तेच केलं होतं. आता दोन्हीकडून रस्ताभर गाड्या समोरासमोर, नाकाला नाक. कोणी एक इंच मागे घ्यायला तयार नाही. जो तो समोरच्याला शिव्या देत होता. जनावरांची चौदा मिनिटं आणि माणसांचा पाऊण तास. तात्याबाच त्यांच्या मधून फिरून "तू घे बे मागं, तू थांब" करत होता, आणि ज्याला वाट मिळाली तो त्याच्याच अंगावर धुरळा उडवून जात होता.

चौथा दिवस रविवारचा. पात लागली, जनावरं उतरली. नगरच्या बाजूला एसटी, तिच्यामागे दोन ट्रक असे सरळ उभे. तेवढ्यात त्या सगळ्यांना डावलून उजव्या अंगाने एक पांढरी जीप आली. तिच्या मागे, तिने काढलेली वाट बघून, आणखी आठ-दहा गाड्या. जीप थेट पातीपुढे येऊन थांबली. बैलाच्या नाकाला बॉनेट जवळजवळ लागलं. संस्थेचा ड्रायव्हर बद्रीनाथ याने हॉर्नवर तळवा ठेवला तो उचलेच ना. मग जीप वीतभर पुढे आली. बंपर बैलाच्या गुडघ्याला टेकला. बैल थरथरला, पण बाकीचे पाच हलले नाहीत म्हणून तोही हलला नाही. तो तात्याबाच्याच जोडीतला होता.

"ब्रेक लाव, बद्री!" तात्याबा ओरडला. "बैलाचा पाय हाय तो, दगड न्हाई!"

मागची काच खाली झाली. आत सुंदरराव.

"तात्याबा, मी हाय. सोड पात. आष्टीला मीटिंग हाय, उशीर झालाय."

"तुमी हाय हे दिसलं, साहेब. जनावरं पाण्यावर हायत. ती आली की सोडतो."

"अरे, दोन बैल बाजूला घे, एक जीप जाऊ दे!"

"एक जीप गेली की मागच्या धा जातील. मागच्या आठवड्यात अशीच एक गेलती."

सारजाबाई नाल्याकडून आली. "सायेब, खाली उतरा की. दोर धरा जरा. आमची कालवड गेली तवा तुमच्यावानीच एकाला उशीर झालता."

एसटीतले लोक खिडक्यांतून हसले. सुंदररावांचा चेहरा लाल झाला. "उद्यापासून सांजचं पाणी बंद म्हंजी बंद!" ते म्हणाले.

"कशापायी?" तात्याबाने विचारलं. "कोनतं जनावर दुखावलं? चार दिवस आज भरले. दुखावलं असलं तर हेच एक, तुमच्या बंपरनं."

सुंदररावांनी काच वर केली.

जनावरं पाणी पिऊन परत आली. तात्याबाने पात सोडली. पण जीपला जाता येईना. समोर आष्टीकडच्या गाड्यांनी रस्ता भरलेला, मागे तिच्या नादाने आलेल्या गाड्या, डावीकडे ज्या एसटीला मागे टाकून ती आली होती तीच एसटी. बद्रीनाथ खाली उतरून लोकांना मागे व्हायला सांगू लागला. "तूच आधी रांग मोडली, आता आम्हाला शिकवतो व्हय बे?" एका ट्रकवाल्याने विचारलं. तात्याबा त्या दिवशी मध्ये पडला नाही. पालापुढे बसून तो बैलाचा गुडघा चोळत राहिला. दिवस मावळला तेव्हा कुठे जीप बाहेर पडली. तोवर मीटिंग संपली असणार.

सुंदररावांना आष्टीला रोज जावं लागे, सकाळीही आणि सांजच्यालाही. ते हिशेबी गृहस्थ होते. सोमवारी दुपारीच छावणीच्या बाजूला खड्डा खणला गेला, त्यात जाड ताडपत्री अंथरली गेली, आणि टँकरला सांगण्यात आलं की निम्मं पाणी विहिरीत आणि निम्मं इथे सोडायचं. अडीच महिने जे मीटिंगमध्ये येत नव्हतं, ते जीप एकदा अडकली म्हणून अर्ध्या दिवसात झालं. वर सुंदररावांनी सगळ्यांना गोळा करून सांगितलं की मुक्या जनावरांचे हाल त्यांना बघवत नव्हते.

"देव त्यांचं भलं करो," सारजाबाई म्हणाली आणि बाजूला थुंकली.

तात्याबाला आनंद झाला, असं म्हणता येणार नाही. सांजचं पाणी वाचलं, एवढं खरं. पण एवढ्या मोठ्या रस्त्यावर चौदा मिनिटं थांबायला माणसं तयार नव्हती, म्हणून पाण्यालाच रस्ता ओलांडून यावं लागलं, हे त्याच्या घशाखाली उतरेना.

सांजच्याला त्याने आपली जोडी ताडपत्रीच्या नव्या हौदावर आणली. बैलांनी माना खाली घातल्या, तेवढ्यात पांढरी जीप एका ट्रकला मागे टाकण्यासाठी डांबर सोडून कडेच्या मातीवरून गेली. हॉर्न वाजत होता. धुरळ्याचा लोट छावणीवर आला आणि पाण्यावर बसला. दुखऱ्या पायाच्या बैलाने फुरफुर करून तोंड वर घेतलं.

तात्याबा खाली वाकला. दोन्ही तळव्यांनी त्याने पाण्यावरची धुळीची साय बाजूला सारली, बैलाच्या तोंडापुरती जागा मोकळी केली आणि म्हणाला, "पी."