बुरुल्चाच्या घराचा धूर

बुरुल्चा म्हातारीची सकाळ चहाने सुरू होत नसे, गल्लीतली धुरांडी बघण्याने होई. उजाडलं की ती खांद्यावर कोट टाकायची, पायांत रबरी जोडे सरकवायची आणि फाटकाशी उभी राहून एकेका छपराकडे बघायची. कापारच्या घरचा धूर आला. सालियाचा आला. कोपऱ्यावरच्या नव्या बिऱ्हाडाचा अजून नाही, म्हणजे तिथल्या सूनबाई अजून अंथरुणात लोळताहेत. शेवटी मागे वळून आपल्या धुरांड्याकडे बघायची. काळा, जाड धूर वर चढताना दिसला की समाधानाने ‘हं’ म्हणायची आणि मगच आत जाऊन चहा ओतायची.

आता वर चढताना म्हटलं खरं, पण तो जातो कुठे? बिश्केक शहराच्या खालच्या अंगाला, सखल जागेत आमची गल्ली. थंडीत इथे वारा म्हणून नसतो. धूर छपराच्या वर हातभर जातो आणि दमल्यासारखा परत अंगणात उतरतो. दोरीवरचे कपडे वाळायच्या आत काळे होतात. पण कुरकुर कोण करणार? धूर आहे म्हणजे भट्टी पेटलेली आहे, घरात माणसं आहेत, ती जिवंत आहेत. आमच्याकडे कुणाचं अगदी वाटोळं व्हावं असं वाटलं, तर ‘तुझ्या घराचा धूर विझो’ म्हणतात. याहून वाईट शिवी आमच्यात नाही.

आणि बुरुल्चाला तर धुराचा चटका बसलेला होता. डोंगरातलं गाव सोडून ती नवऱ्यासोबत इथे राहायला आली, त्या पहिल्याच हिवाळ्यात ती भावाकडे लग्नाला गेली. मागे असांकुल, तिचा नवरा, अंगणातल्या बर्फावर घसरला. कंबर मोडली. कसाबसा सरपटत घरात आला, पण भट्टीपर्यंत पोचला नाही. मेजवानीतलं वाटणीचं मांस फडक्यात बांधून बुरुल्चा परतली, तेव्हा घर थंडगार होतं आणि तोही. गावाकडे असतं तर अर्ध्या दिवसात कुणी तरी धावलं असतं. इथे धूर नसलेलं धुरांडं कुणाच्या नजरेलाच पडलं नाही.

“डोळे आहेत की खाचा?” भर गल्लीत उभी राहून ती ओरडली होती. “माझ्या घराचा धूर नव्हता आणि तुम्ही चहा पीत बसलात?”

गल्ली शरमली. त्या दिवसापासून सकाळी एकमेकांची धुरांडी बघायची रीत पडली, ती बुरुल्चाने पाडली. एका हिवाळ्यात सालियाचं धुरांडं कोरडं दिसलं म्हणून हिने खिडकी फोडून आत उडी घेतली, तर सालिया साखर उतरून जमिनीवर पडलेली! वाचली. तेव्हापासून सालिया तिला एजे म्हणजे मोठी बहीण म्हणते आणि तिच्यावर जीव टाकते.

अशा या बाईच्या घरात धूर कमी करायचं खूळ शिरलं, ते तिच्या सुनेमुळे.

सून जिपारा, नाकासमोर चालणारी, शिवणाच्या कारखान्यात कामाला. मुलगा उलान मॉस्कोत. धाकटा मुलगा, त्यामुळे आमच्या रीतीने म्हातारी आईही त्याची आणि घरही त्याचं. म्हणजे हिशोबाने दोन्ही जिपाराच्याच गळ्यात. आणि नात सेझिम, सहा वर्षांची, जिच्यावरून बुरुल्चा स्वतःला ओवाळून टाकेल. पोरगी उन्हाळ्यात घोड्याच्या शिंगरासारखी उंडारायची आणि पहिला बर्फ पडला की तिच्या छातीत शिट्ट्या वाजायला लागायच्या. या वर्षी तर तिला इस्पितळात ठेवावं लागलं. डॉक्टरीणबाईंनी जिपाराला बाजूला घेऊन सांगितलं, “औषधं मी देईन हो, पण श्वास कुठला देऊ? घरातला धूर कमी करा, नाही तर थंडीभर मुलीला इथून हलवा.”

जिपारा घरी आली ती नवीनच विद्या घेऊन.

“आपा, इस्पितळात एक बाई भेटली,” ती सासूला म्हणाली. आपा म्हणजे आई. “तिच्या मुलालाही असंच होतं. ती म्हणते, भट्टी वरून पेटवायची.”

“वरून? उद्या म्हणशील, टोपी पायांत घाल!”

“कोळसा आधी खाली भरायचा, लाकडं वर रचायची आणि काडी वर लावायची. आग हळूहळू खाली उतरते. कोळशाचा धूर त्या आगीतूनच वर जातो, म्हणजे जातानाच जळून जातो. फक्त मध्ये दार उघडून कोळसा टाकायचा नाही.”

“तू जन्मली नव्हतीस तेव्हापासून कोळसा जाळतेय मी.”

“हो आपा. एकदा करून बघू का?”

ही जिपाराची खोड. वाद घालायची नाही. ‘हो आपा’ म्हणायची आणि आपलं तेच पुढे करायची. दुसऱ्या दिवशी पहाटेच उठून तिने भट्टी वरून पेटवली. थोडा वेळ लाकडाचा पांढरा धूर निघाला आणि मग काही नाही. आत भट्टी धडधडत होती, पाइप चटके देत होते, आणि छपरावर धुरांडं स्वच्छ! बुरुल्चा त्या दिवशी पाय दुखतात म्हणून बाहेर गेली नव्हती. ती खिडकीशी बसून पावाला जर्दाळूचा मुरांबा लावत होती.

तेवढ्यात बाहेरून एक भयंकर हंबरडा ऐकू आला.

आमच्यात मयताच्या घरी जाताना पुरुष लांबूनच मोठ्याने रडत येतात. कापार रडत येत होता. एका हातात दार फोडायला पहार, दुसरा हात कपाळावर, आणि तोंडाने “माझी एजे गं! पहाडासारखी माझी एजे!” मागून सालिया, डोक्यावरचा रुमाल सुटलेला, छाती पिटत.

बुरुल्चाने मुरांब्याच्या चमच्यासकट दार उघडलं. “कोण गेलं रे?”

“तुम्ही!” कापार म्हणाला.

दुसऱ्या कुणाच्या दारात हे झालं असतं, तर बुरुल्चा हसून हसून लोळली असती. पण जिवंतपणी आपल्या मरणाचं रडणं आपल्याच कानांनी ऐकलं! पाहुण्यांना चहा पाजून वाटेला लावलं आणि सुनेकडे वळून ती गरजली, “उद्यापासून मी शिकवलं तशी पेटवायची! माझ्या जिवंतपणी या घराचा धूर विझवायला निघालीस?”

“आपा,” जिपारा हळूच म्हणाली, “आज सेझिम खोकली का?”

बुरुल्चाने कान दिला. आतल्या खोलीत पोरगी बाहुलीला गाणं म्हणून झोपवत होती. पूर्ण गाणं, मध्ये कुठेही न थांबता. म्हातारी चहाचे पेले आवरायला लागली. म्हणजे कबूल केलं.

दिवस बरे चालले. सेझिमच्या गालावर रंग आला. पण गल्ली काय म्हातारीला सुखाने जगू देते? रोज सकाळी कापार कुंपणावरून हाळी घालायचा, “काय एजे, आहात का आज?” लोक हसायचे. ते तिने सोसलंही असतं. पण पोटातली भीती कुणाला सांगणार? सून दिवसभर कारखान्यात. उद्या आपण घसरलो, पडलो, तर धुरांडं रोजच कोरडं; कोण बघणार, कोण धावणार? डोळे मिटले की तिला असांकुल दिसायचा, भट्टीच्या दिशेने हात लांबवून पडलेला.

मग तिने एक युक्ती काढली. जिपारा कामाला गेली की ती भट्टीचं दार उघडायची आणि जळत्या निखाऱ्यांवर कोळशाची ओली चुरी टाकायची. दोनच फावडी. लोकांना दिसण्यापुरती. बाहेर जाऊन बघायची, तर आपल्या छपरावर काळा, जाड, ओळखीचा धूर. जीव भांड्यात पडायचा.

पोरीच्या शिट्ट्या परत सुरू झाल्या.

“आपा, दिवसा भट्टी उघडता का?” जिपाराने विचारलं.

“मी कशाला उघडू? मला काय कामं नाहीत?”

खोटं बोलून गेली. आणि एकदा बोललेलं खोटं निभवायला पुन्हा पुन्हा बोलत राहिली. आज शेवटचं, असं रोज मनाशी म्हणायची आणि कापारची हाळी ऐकली की हात फावड्याकडे जायचा.

एका दुपारी हवा अशी कोंदली की धुरांड्यातला धूर बाहेर पडायलाच तयार होईना. ओल्या चुरीचा सगळा धूर भट्टीच्या दारातून उलटा घरात आला. सेझिम खोकता खोकता एकदम गप्प झाली. बुरुल्चाने पाहिलं तर पोरीचे ओठ निळसर, डोळे मोठे, आणि छाती वर ओढलेली ती खाली यायलाच तयार नाही.

“सेझिम! अगं श्वास घे! या अल्ला, श्वास घे गं बाळा!”

तिने पोरीला उचललं आणि अंगणात धाव घेतली. अंगणात आतल्यापेक्षा जास्त धूर. फाटक उघडून ती गल्लीत आली. गल्लीत तर समोरचं घर दिसत नव्हतं. ती वरच्या टोकाकडे धावली, परत फिरली, खालच्या टोकाकडे गेली. हातांत नात, आणि तिला घेऊन जायला हवा कुठेच नाही! सगळ्या घरांची भट्टी पेटलेली, सगळी माणसं जिवंत, आणि हिच्या पोरीपुरता एक घोट श्वास अख्ख्या गल्लीत मिळेना. शेवटी कापारनेच त्यांना गाडीत घातलं.

पोरगी वाचली. इस्पितळात जिपारा धावत आली, लेकीच्या नाकावरची नळी बघितली, आणि मग तिची नजर सासूच्या कोटाच्या बाहीवर गेली. बाहीच्या घडीत ओली कोळशाची चुरी अडकलेली होती. जिपारा बघत राहिली. बुरुल्चाने हात मागे घेतला. सुनेने आरडाओरडा केला असता, चार शब्द सुनावले असते, तर म्हातारीला बरं वाटलं असतं.

मुलीला घरी सोडल्यावर जिपाराने कपडे बांधायला घेतले. माहेर डोंगरात, उंचावर; तिथे वारा असतो. उलानचा फोन आला, “आई, थंडी संपेपर्यंत जाऊ दे त्यांना.” बुरुल्चा दारात आडवी उभी राहिली.

“मी मरेपर्यंत उघडणार नाही भट्टी. पोरीची शपथ घेते.”

“तिची नका घेऊ, आपा.”

“सून नातीला घेऊन निघून गेली, तर हे घर उरलं का? लोक काय म्हणतील, बुरुल्चाचा धूर...”

“धूर तुम्हांला ठेवून जातेय, आपा,” जिपारा म्हणाली. इतक्या वर्षांत ती सासूला एवढं एकच वाकडं बोलली, आणि बोलून झाल्यावर स्वतःच रडली. मग सासूचे दोन्ही हात हातांत घेतले, आणि गेली.

घर खायला उठलं. बुरुल्चा कधी नव्हे ती सुनेसारखी पहाटे उठू लागली. कोळसा खाली, लाकडं वर, काडी वर. पहिल्यांदा विझलं. दुसऱ्यांदा लाकडंच जळून गेली आणि कोळसा जसाच्या तसा. भट्टीला शिव्या घालत, स्वतःला त्याहून जास्त घालत, एका सकाळी तिला ते साधलं. ती बाहेर आली. छपरावर धुरांडं असं स्वच्छ की त्याच्या तोंडावरची हवा नुसती थरथरताना दिसत होती. आता पोरीला सांगू, तिने ठरवलं. आता बोलावू. तिला इतका आनंद झाला की ती थंडीत तशीच उभी राहिली.

तेवढ्यात फाटक धाडकन उघडलं. सालिया धापा टाकत आली.

“मला ठाऊकच होतं! एकट्या पडल्यात, भट्टी कोण पेटवून देणार? चला आत.”

“पेटलीये गं, सालिया. आत पेटलेली आहे.”

“धूर कुठे आहे मग?” सालियाने तिला दंडाला धरून आत नेलं, बाकावर बसवलं, खांद्यावर शाल घातली. “सून टाकून गेली म्हणून काय तुम्हांला कुणी नाही? मी आहे ना!” आणि तिने भट्टीचं दार उघडलं.

“नको! उघडू नकोस! सालिया, मी सांगते ना...”

“गप्प बसा हो एजे. तुम्ही माझ्यासाठी काचेतून उडी मारलीत. मी एवढं नको करू?” तिने चुरीची फावडी भरभरून टाकली. एक, दोन, तीन. बुरुल्चा उठायला गेली तर सालियाने प्रेमाने तिला परत खाली दाबलं. सांगणार काय? तुझा धूर मला नको, असं? ज्या बाईला धूर बघायला आपणच शिकवलं, तिला?

बाहेर कापारची हाळी आली, “शाब्बास एजे! आज कसा झकास निघतोय!”

आणि तेवढ्यात फोन वाजला.

“चोंगआपा!” डोंगरातल्या थंड हवेने सेझिमचा आवाज लख्ख झाला होता. आजीला ती असंच म्हणायची. “आई विचारते, आपल्या धुरांड्यातून अजून धूर येतो का?”

बुरुल्चाने खिडकीतून वर बघितलं. काळा, जाड धूर छपराच्या वर हातभर जाऊन अंगणात उतरत होता. खोटं जिभेवर आलं होतं. तिने ते गिळलं.

“येतो गं बाळा.”

“बरं. मग मी इथेच थांबते.”

फोन बंद झाला. सालियाने काळे हात झग्याला पुसले आणि म्हातारीच्या गालावरून ओघळलेलं पाणी त्याच हाताने टिपलं.

“रडू नका, एजे,” ती म्हणाली. “आता मी रोज सकाळी येऊन तुमचा धूर करून देत जाईन.”