कोळमीत उतरलेला पाय

लाटंबार्से गावातल्या सगुणला हट्टी म्हटले तर हट्टालाच कमीपणा यायचा. साठीला टेकलेला माणूस. पंचवीस वर्षे खाणीवर ट्रक चालवलेला, आणि तीन वर्षांपूर्वी साखरेच्या आजारात उजवा पाय गुडघ्याखाली गमावलेला. पण काजूचे बोंडू पिकून पडायला लागले की आपण अजून तिशीतच आहोत असे त्याला वाटायचे, आणि नाही म्हणून सांगायची कुणाची छाती नव्हती.

पहिला कृत्रिम पाय पट्ट्याने बांधायचा असे. तो चालताना खडखडायचा आणि भर रस्त्यात ढिला व्हायचा. वर्षापूर्वी पणजीला प्रज्योत नावाच्या कारागिराने हा नवा पाय बसवून दिला. आधी रबरी मोजा चढवायचा, मग पाय कडक खोबणीत घालायचा. पाऊल टेकले की आतला छोटा पंप हवा बाहेर काढतो आणि खोबण पायाला ओढून धरते. काढायचा असला की बाजूचे बटण दाबायचे. सुस्स करून हवा आत शिरते आणि पाय सुटतो. प्रज्योतने दोनच गोष्टी बजावल्या होत्या. पाणी-चिखलात हा पाय घालायचा नाही. आणि रोज संध्याकाळी तो काढून उरलेल्या पायाचे टोक आरशात खालून नीट बघायचे. साखरेने तिथली जाणीव मेलेली. जखम झाली तरी कळायची नाही, आणि चिघळली तर गुडघाही जाईल. आरसा धरायचे काम पाय गेला तेव्हापासूनच बायकोकडे, पद्मावतीकडे होते.

त्यांच्या घरात मोसमाचे पहिले बोंडू घरच्या कर्त्याने फेणीच्या रसासाठी पायाने मळायचे, ही आजोबांपासूनची रीत. खडकात कोरलेली उथळ कोळमी, तिच्यात बोंडू ओतायचे, कोपऱ्यात नारळ ठेवायचा आणि तुडवायला उतरायचे. दोन मोसम हे काम दोडामार्गच्या मजुराने केले. सगुण बांधावर बसून बघत राहिला आणि आतल्या आत जळत राहिला.

या रविवारी सकाळी पद्मावती आणि मजूर टोपल्या आणायला बागेत वर गेले. सगुणने कृत्रिम पायावर खताची प्लास्टिकची पिशवी चढवली, गुडघ्यावर दोरीने बांधली आणि तो कोळमीत उतरला. पहिली दहा पावले त्याला स्वर्गाची वाटली. अकराव्याला तो घसरला आणि दोन्ही गुडघ्यांवर बसला. पिशवी फाटली. रस आणि चोथा खोबणीवरून, बटणावरून ओघळला.

कसाबसा बाहेर येऊन त्याने वरवर पाणी ओतले आणि लेंगा बदलला. तेवढ्याने भागले असे त्याला वाटले. बोंडवाचा रस वाळला की डिंकासारखा चिकटतो हे लहानपणापासून माहीत असूनही वाटले. दुपारी जेवून आडवे होण्यासाठी त्याने बटण दाबले. बटण हलेना. अंगठा लाल होईपर्यंत दाबले, चमच्याच्या दांड्याने ठोकले. पाय जागच्या जागी.

मग त्याला घाम फुटला. चालावे तर प्रत्येक पावलागणिक पंप आणखी हवा ओढणार, खोबण आणखी आवळणार. बसावे तर आत काय चालले आहे ते कळत नाही. प्रज्योतला चार वेळा फोन केला. रविवार, त्याने उचलला नाही. आपलाच पाय, आपल्याच घरात, आणि आपल्याला त्यातून सुटता येत नाही! खाणीवर एकदा दरड कोसळून ट्रकच्या केबिनमध्ये तो तासभर अडकला होता. तेव्हा निदान ओरडता तरी येत होते. आता ओरडायचे तर कोळमीची गोष्ट सांगावी लागणार होती. तो खुर्चीत बसून राहिला. चहा तिथेच मागितला. देवळात जायला शेजारी बोलवायला आला, तर डोके दुखते म्हणून त्याला परत पाठवले.

दिवेलागणीला पद्मावती नेहमीसारखा कुंकवाचा छोटा आरसा घेऊन आली. आज नको, असे तो म्हणाला. ती आरसा घेऊन तशीच पुढ्यातल्या पाटावर बसली. मग त्याने मान खाली घालून सगळे सांगितले.

"अर्धे मळलेले बोंडू बघून सकाळीच कळला माका," ती म्हणाली. "तुमी कदी सांगतात ता बघी होतंय."

तिने नव्या केरसुणीतला एक लवचिक हीर उपटला, त्याला खोबरेल लावले आणि मोजा आणि खोबण यांच्यामधून हलकेच आत सरकवला. एकदा, दोनदा, जागा बदलून तिसऱ्यांदा. सुस्स झाले. पाय तिच्या हातात आला. सगुणला रडू फुटले आणि त्याने ते लपवले नाही.

तिने मोजा काढला आणि आरसा खाली धरला. शस्त्रक्रियेच्या व्रणावर जांभळट लाल पट्टा उठला होता. तिने बोटाने हलके दाबून पाहिले. कातडी फुटली नव्हती. आठ दिवस हा पाय घालायचा नाही, असे तिने सांगून टाकले. त्याने मान डोलावली, आणि दुपारभर जीव कसा घुसमटला ते तो सांगायला लागला. भिंती अंगावर येत होत्या, श्वास पुरत नव्हता. पद्मावतीने ऐकून घेतले.

"तीन वर्सां मी हो आरसो धरून बसलंय," ती म्हणाली. आवाज चढला नव्हता. "म्हायेराक एक रात रवाक नाय. तुमी एक दीस अडाकलात तर जीव इतको कासावीस झालो तुमचो."

तिचे माहेर चोपड्याला. भावाच्या, शांतारामच्या मुलीच्या लग्नातून ती जेवणाच्या पंगती उठायच्या आत परतली होती. तिला घराची ओढ फार, असे सगुणने तेव्हा चारचौघांत कौतुकाने सांगितले होते. ते आठवून त्याला स्वतःची लाज वाटली.

"आरसो माका दी," तो म्हणाला.

तिने दिला. त्याने पाय उचलून आरसा खाली धरला. आधी नुसती कौले दिसली, मग दिवा, मग पुन्हा कौले. पद्मावती मदतीला वाकली नाही. तो कोन बदलत राहिला, आणि बऱ्याच वेळाने तो लाल पट्टा आरशात आला.

"उद्या चोपड्याक जा," तो आरशातून नजर न काढता म्हणाला. "दोन रात्री रव."

ती उठली आणि कपाटातले लुगडे काढायला आत गेली. सकाळची बस किती वाजता सुटते, हे तिला तीन वर्षांपासून पाठ होते.