उठली असती तर...

फोन आला तेव्हा पावणेबारा वाजले होते आणि मी ऑफिसात एका अर्जावर शेरा लिहीत होते. मावशीच्या शेजारच्या साहू दीदी बोलत होत्या. "दीदी, आप आ जाओ. मौसी उठ नहीं रही." मी शेरा पूर्ण केला, खाली सही केली, पेनाला टोपण लावलं आणि मग निघाले. पुरानी बस्तीतल्या तिच्या दोन खोल्यांत पोचले तोवर डॉक्टर येऊन गेले होते. मावशीला पलंगावर निजवलं होतं. खाली परातीत मेथी होती, अर्धी निवडलेली. मी पलंगाशी बसले आणि उरलेली मेथी निवडून टाकली. का, ते मला सांगता येणार नाही. याला सहा आठवडे झाले. मला अजून रडू आलेलं नाही. लोक म्हणतात, येईल...

कुसुममावशी माझ्या आईची धाकटी बहीण. लग्न केलं नाही तिनं. रायपूर स्टेशनच्या पार्सल ऑफिसात नोकरी करायची, पार्सलांवर गावांची नावं लिहायची. मी चार वर्षांची असताना आई गेली. बाबा गोंदियाला नोकरीला, तिथे माझ्याकडे बघायला कोणी नाही, म्हणून मावशीनं मला इकडे आणलं. सहा वर्षं मी तिची होते. तिच्याशी 'तू' म्हणून भांडायचे, तिच्या पदराला हात पुसायचे. मग बाबांनी दुसरं लग्न केलं आणि मला न्यायला आले. त्या सकाळी मावशी रोजच्यापेक्षा लवकर ड्युटीवर निघाली. चपला घालता घालता म्हणाली, "भाजी झाकून ठेवली आहे, खाऊन घेजो." माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. दुपारी बाबांचा हात धरून मी स्टेशनवर गेले. पार्सल ऑफिस त्याच फलाटावर होतं, चार पावलांवर. त्याचं दार अर्धं उघडं होतं. गाडी सुटेपर्यंत मी त्या दाराकडे पाहत होते. ती बाहेर आली नाही.

पुढे लग्नानंतर नवऱ्याच्या नोकरीमुळे मी पुन्हा रायपूरला आले. पहिल्या दिवशी मावशीकडे गेले, पाया पडले आणि म्हटलं, "कशा आहात तुम्ही?" ती माझ्याकडे बघत राहिली. मग "बरी आहो" म्हणून चहा ठेवायला आत गेली. तेव्हापासून मी तिला 'तुम्ही'च म्हणत आले. सणाला साडी, आजारपणात डबा, दवाखान्याच्या खेपा, मी सगळं केलं. कोणाला बोट ठेवायला जागा ठेवली नाही. फक्त त्या 'तुम्ही'त काय होतं, ते तिला ठाऊक होतं आणि मला.

मावशी आणि मी, आमच्यात कामापलीकडचं बोलणं असं सुरू झालं ते माझ्या मुलीमुळे. इरा तेरा वर्षांची. मराठी सगळं समजतं, पण बोलते हिंदीत. तिला जपानी कार्टूनपट बघायचं वेड, त्यातही ज्यांत माणसाचा सोबती एखादा राक्षसी प्राणी असतो ते. मावशीनं निवृत्तीनंतर ते वेड तिच्याकडून घेतलं. रविवारी दुपारी दोघी फोन उभा करून बसत. गेल्या उन्हाळ्यात असाच एक चित्रपट हिंदीत आला, तो बघायला आम्ही तिघी पंडरीकडच्या मॉलमध्ये गेलो. मावशी सोबत पाण्याची बाटली आणि भाजलेले शेंगदाणे घेऊन आली होती. बाटली दारावर ठेवून घेतली, शेंगदाणे पदराआड लपून आत आले.

चित्रपटातल्या गावात प्रत्येक मुलाजवळ एक प्राणी असतो. मुलं त्यांना झुंजायला शिकवतात. आई नसलेल्या एका मुलीला चिखलात एक पिल्लू सापडतं. ते झुंजत नाही, नुसतं तिच्या मागे मागे फिरतं. वाढता वाढता घराएवढं होतं, पाठीवर शेवाळ उगवतं. "म्हैसच आहे थे," मावशी अंधारात म्हणाली. मग एका ऋतूत त्याच्या जातीचा कळप गावावरून जायला लागतो आणि ते रोज माळाकडे तोंड करून उभं राहतं. मुलगी आधी त्याला बांधून ठेवते. ते जेवण सोडतं. ती दोर सोडते. शेवटच्या सकाळी ते तिच्या खिडकीशी येतं, आत डोकं घालून तिच्या अंगावर श्वास सोडतं. ती डोळे मिटून पडलेली. बराच वेळ ते तसंच थांबतं... आणि निघून जातं. मग ती डोळे उघडते. झोपलेली नसतेच ती.

बाहेर आल्यावर इरा चिडली होती. "ये क्या एंडिंग हुआ? वो उठी क्यों नहीं? बाय तक नहीं बोला. इतना प्यार था तो उठना था ना."

"उठली असती तर थो गेला नसता," मावशी म्हणाली.

"तो नहीं जाता. अच्छा ही होता."

"मग त्यानं जेवण सोडलंच होतं न, पोट्टी."

"मतलब उसके लिए किया. मतलब वो अच्छी थी."

"चांगली-गिंगली काही नाही. तिच्याच्यानं उठवलं नसेल. उठली असती तर तिनं जाऊ दिलं नसतं त्याले. पाय धरले असते." मावशी सरकत्या जिन्याकडे बघत होती. तिला त्या जिन्याची भीती वाटायची. "त्याले वाटलं असन, हिले काहीच नाही आपलं. वाटू दे म्हटलं असन तिनं."

इरा पुढे पॉपकॉर्नची रिकामी बादली टाकायला गेली. मी मावशीचा हात धरून तिला जिन्यावर घेतलं. तिची पकड घट्ट होती. ती कोणाबद्दल बोलत होती, ते मला कळलं होतं. तेव्हाच बोलता आलं असतं, 'तू' म्हणता आलं असतं. मी म्हटलं, "सांभाळून, पाय उचला." त्यानंतर दहा महिने होते माझ्याकडे. दर आठवड्याला भेटत होतो. वाटायचं, पुढच्या रविवारी...

तेराव्याच्या आदल्या दिवशी मेश्रामकाका आले. पार्सल ऑफिसात तिच्या शेजारच्या टेबलावर होते. आता कानानं कमी ऐकू येतं, म्हणून मोठ्यानं बोलतात. "तूच काय थे पोट्टी, गोंदियाची?" मी हो म्हटलं. ते म्हणाले, "तुले नेलं त्या दिवशी मी तिले म्हटलं, जा बाई, समोरच आहे गाडी. उठलीच नाही. मान खाली घालून लिहून राहिली, लिहून राहिली. संध्याकाळी पाहतो त सगळ्या पार्सलांवर गोंदिया. बिलासपूरच्यावर गोंदिया, टाटानगरच्यावर गोंदिया. मी एकटा बसून खोडत होतो सगळं. साहेबाले कळू नाही दिलं." खोलीतल्या लोकांनी माझ्याकडे पाहिलं. मी काकांना विचारलं, चहात साखर चालते का. चालते म्हणाले.

तेराव्यानंतरच्या आठवड्यात मी आणि इरा मावशीच्या खोल्या आवरायला गेलो. मी साड्या बांधत होते. इराला गादीखाली शंभर पानी वही सापडली. आत पार्सलांवर लिहायच्या त्याच मोठ्या, सुट्या अक्षरांत इराला विचारायचे प्रश्न होते, आकडे घालून. इरा एकेक अक्षर लावत वाचू लागली. 'त्या प्राण्याले नाव काहून नाही ठेवलं?' 'पोट्टीची माय कशानं मेली, सांगत काहून नाहीत?' 'झुंजणाऱ्या प्राण्यायले राग येते का मालकाचा?' ज्यांची उत्तरं मिळाली होती त्यांच्यापुढे बरोबरची खूण होती. शेवटच्या प्रश्नापुढे नव्हती.

'थो मोठा होऊन परत आला तर तिच्यासंग पहिल्यासारखा बोलन का?'

"ये तो मूवी में था ही नहीं," इरा म्हणाली. "ये मुझसे पूछा ही नहीं नानी ने." मग तिनं वही माझ्यापुढे केली. "आपको पता है?"

मी वही घेतली आणि साड्यांच्या गाठोड्यावर ठेवली. आता ती आमच्या घरी टीव्हीखालच्या कप्प्यात आहे. रविवारी दुपारी इरा काहीतरी लावते आणि पुढचा आकडा घालून हिंदीत स्वतःचा प्रश्न लिहिते. मावशीच्या त्या शेवटच्या प्रश्नापुढची जागा तिनं माझ्यासाठी मोकळी ठेवली आहे, शेजारी पेन्सिलही ठेवते. मी जाता-येता बघते. उत्तर लिहायला अजून हात उचलत नाही.