शकूचा भोंगा

रेवा, अशी इकडे सरक, डाव्या कानाशी. उजव्याने मला आता कमीच ऐकू येतं. आणि काय गं, दारात पिकअप उभी करून इतका वेळ नुसती घंटी दाबत राहिलीस? शेजारीण सांगायला आली म्हणून कळलं. भोंगा नाही का वाजवायचा? बंद आहे म्हणतेस? मग तुझ्या नवऱ्यानेच वायर काढली असणार. आईची आठवण सोसत नाही त्याला. तू तर तिला पाहिलंच नाहीस, तर ऐक.

तुझी सासू शकू म्हणजे माझी धाकटी जाऊ. पदर कमरेला खोचून स्वतः हीच पिकअप चालवत कन्नौदहून देवासच्या मंडीत कांदे आणायची. वाटेत कोणी आडवं आलं की म्हणायची, "भिया, जरा सरको, सासरी चाललेय." आमची सासू माई इथे देवासला माझ्याकडे असायची. न्हाऊ मी घालायची, भात मऊ मी करायची आणि माई वाट बघायची शकूची. कान गेलेले, त्यामुळे शकू दारात आली तरी तिला कळायचं नाही. मग रुसायची, तेही माझ्यावर.

शकूने एक दिवस आम्हा दोघींना पिकअपमध्ये कोंबलं आणि बायपासवरच्या हॉर्नच्या दुकानासमोर माईला खुर्ची टाकून बसवलं. दुकानदार एकेक भोंगा वाजवून विचारतोय, "माँजी, ये वाला?" आणि माई लुगडं निवडावं तशी नाक मुरडतेय. चिरके सगळे नापसंत. शेवटी एक जाड, घोगरा वाजला, म्हशीसारखा. माई हसली. "हा शकूचा," म्हणाली. मग बोनेटखाली हवेची छोटी टाकी बसली, टपावर दोन कर्णे. मी उन्हात उभी. माझा कुठला आवाज ऐकू येतो, हे माईला कधी कोणी विचारलं नाही.

मग गल्लीच्या तोंडाशी शकू एकदाच दाबायची. "एकदा वाजवला तर हाक, जाऊबाई. दोनदा वाजवला तर दंगा." माई लगेच केस सारखे करून ओट्यावर. मी हातभरावरून "माई, औषध" म्हणून घसा फोडायची, तर ढिम्म.

एकदा शकू आत माईशेजारी चहा पीत होती. मी गुपचूप पिकअपमध्ये चढले आणि भोंगा दाबून धरला. माई काठी टेकत, तोंडभर हसत बाहेर आली. "शकू आली का गं?" आणि तिच्या मागे शकू, हातात कप. इतकी हसली की चहा पदरावर सांडला. मला मात्र रडू आलं. तशी शकू वर चढून शेजारी बसली. म्हणाली, "मी लांबची, म्हणून मला भोंगा लागतो. तुम्ही नुसता खांद्याला हात लावलात तरी माई झोपेत कूस बदलतात. मला जमतं का ते?"

बरं वाटलं. पण जळणं काही गेलं नाही, खोटं कशाला बोलू.

माई गेल्यावरही शकू गल्लीच्या तोंडाशी वाजवायचीच. मी म्हटलं, "आता कोणासाठी?" तर म्हणे, "तुम्हाला चहा टाकायला नको का?" पुढे तीही गेली, साध्या तापाचं निमित्त होऊन. अजून मोठ्या रस्त्यावर कुठला ट्रक तसा घोगरा ओरडला की माझा हात पातेल्याकडे जातो. आणि मग पुन्हा जळते मी. माझ्या मागे कोणाचा हात असा कशाकडे जाईल?

नवऱ्याला सांग, वायर जोड. आणि लवकर ये गं पुन्हा. गल्लीच्या तोंडाशी एकदाच दाब. मी चहा टाकते.